मेलेल्या बाईचं मत

अम्माच्या हातातला डबा काढून घेतला.

हळद लावून झाली होती. कुंकू लावून झालं होतं. मनगटावर अत्तर फिरवून झालं होतं. अम्माने पदर पसरला, एका बाईने त्यात ओंजळभर गहू टाकले आणि वाण म्हणून स्टीलचा डबा हातात दिला. डब्याच्या झाकणावर ताईंचा फोटो चिकटवलेला, हात जोडून हसणाऱ्या ताईंचा. अम्मा माझ्याकडे वळून बघत होती. तिला आनंद झाला होता, आणि अम्माला झालेला आनंद लपत नाही. आतापर्यंत कुणी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. या वेळी रिक्षावर भोंगा लावून सगळ्या प्रभागाला बोलावणं फिरलं, ते तिने स्वतःचं मानलं आणि ठेवणीतली साडी काढली.

मागच्या रांगेतून शोभाकाकू बोलली. शोभाकाकू आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत.

"अवं, यायले कायले डबा देऊन राहिल्या? यायले मत नाई. पाकिस्तानातले हायेत हे."

ताई खुर्चीवर बसल्या होत्या. आमच्या प्रभागाच्या जुन्या नगरसेविका, आणि यंदा पुन्हा उभ्या राहणार होत्या. संक्रांत अजून लांब होती. पण निवडणूक जवळ आली की आमच्याकडे हळदीकुंकू कधीही होतं, फक्त आचारसंहिता लागायच्या आत उरकावं लागतं. ताईंनी अम्माकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. रागावल्या नाहीत. हसतच बोलल्या.

"मंग आधी सांगाचं ना. डबे मोजके आनले." आणि वाटप करणाऱ्या बाईला म्हणाल्या, "घे वं परत. कुंकू राहू दे."

त्या बाईने हात पुढे केला. अम्माने काय करावं? तिने डबा आधी पदराने पुसला. झाकणावर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते पुसले. मग दिला.

"साफ है दीदी," ती म्हणाली. "खोला भी नहीं मैंने."

तोच डबा मागच्या बाईला मिळाला. तिने घेतला आणि माझ्याकडे न बघता पिशवीत घातला. गहू अम्माच्या पदरातच राहिले, ते कुणी मागितले नाहीत. घरी येऊन तिने ते निवडले आणि दुसऱ्या दिवशी दळणात घातले. त्या पिठाची पोळी मी खाल्ली नाही. अम्मा म्हणाली, धान्यावर राग काढू नये.

मी पाच वर्षांची असताना आम्ही सिंधमधून नागपूरला आलो. अम्मा, बाबा आणि मी. बाबा इतवारीत एका कापडाच्या दुकानात लागले, अजून तिथेच आहेत. दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या आणि घडी घालायच्या. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, कारण ती घराजवळ होती आणि तिथे फी नव्हती. आता मी घरी फॉल-पिकोचं काम करते. बाबांच्या दुकानातूनच साड्या येतात. नागपूरच्या किती बायका माझ्या हातचा फॉल लावून मिरवतात, मोजदाद नाही. त्यांच्या साडीला माझी जात, देश, कागद काही लागत नाही.

कागद नाहीत, एवढंच आमचं. म्हणजे अर्ज आहे, व्हिसा आहे, दर वेळी मुदत वाढते. नागरिकत्व नाही. शेजारच्या गल्लीतल्या दोन घरांना मिळालं, तेव्हा आम्ही पेढे खाऊन आलो. आमची फाइल कुठे आहे विचारलं की वर आहे म्हणतात. वर म्हणजे कुठे ते कुणी सांगत नाही. व्हिसात ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायला आम्हाला परवानगी लागते. शाळेची सहल पेंचला निघाली तेव्हा पारशिवनीच्या पुढे जायची तुला परवानगी आहे का, असं बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर विचारलं. मला काय माहीत? मी डबा घेऊन गेले होते, तो शाळेच्या पायरीवर बसून खाल्ला आणि घरी आले. पुढे लग्नाची स्थळं आली, तीही कागद नाहीत कळल्यावर एकेक करून परत गेली. मी त्यावर रडून घेतलं आहे. आता त्याबद्दल रडत नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. गडरलाइनची.

आमची गल्ली लांबट आहे. तोंडाशी पक्की घरं, शेवटाला आमची सात घरं, सगळी आमच्यासारखीच मागाहून आलेली. सांडपाण्याची जुनी लाइन फुटलेली होती. एका वर्षी गडरचं पाणी पिण्याच्या नळात शिरलं. घरोघर कावीळ. शोभाकाकूची धाकटी जाऊ, रेखाकाकू, त्यातच गेली. चाळिशीही झाली नव्हती. मला मराठीत गोष्टी सांगणारी, माझ्या वेण्या घालून देणारी बाई होती ती. ती गेली तेव्हा गल्ली पेटली, लोक झोन ऑफिसवर गेले, आम्हीही गेलो. मग ताईंनी नवीन लाइन मंजूर करून आणली.

खोदकाम सुरू झालं. मोठे सिमेंटचे पाइप आले. आम्ही मजुरांना चहा दिला, पाणी दिलं. पाइप एकेक घर पुढे सरकत आला. शोभाकाकूच्या घरापर्यंत आला. तिच्या दारापुढे चेंबर बांधलं, आणि काम थांबलं. आमच्या दारापुढे खड्डा तेवढा खणून ठेवलेला. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी यंत्रंसुद्धा गेली.

वरच्या घरांचं सगळं पाणी आता नव्या पाइपातून जोरात येतं आणि जिथे पाइप संपतो तिथे, म्हणजे आमच्या खड्ड्यात, पडतं. खड्डा भरला की आमच्या घरात येतं. आधी फुटक्या लाइनचा वास सगळ्या गल्लीला होता. आता तो फक्त आम्हाला आहे.

मी ताईंच्या संपर्क कार्यालयात गेले. ताई नव्हत्या. त्या शहराबाहेर बेसाला राहतात, नवीन बंगल्यात. प्रभागात फक्त मतदारयादीतलं नाव ठेवलंय. कार्यालय त्यांचे यजमान चालवतात, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊ चांगले बोलले. खुर्ची दिली.

"तुमचं दुखनं मले समजते गा," शेजारी बसलेल्या माणसाकडे बघत ते म्हणाले. माझ्याशी बोलतानाही माझ्याकडे बघत नव्हते. "पन पाइप येते पैशानं, पैसा येते मंजुरीनं, मंजुरी येते मतानं. तुमच्या सात घरात एक मत नाई. मी काय सांगू वर?"

"घाण सात घरांत आहे, हे सांगा," मी म्हटलं.

भाऊ हसले. शेजारचाही हसला. मग भाऊ म्हणाले, "रॅलीत येत जा. काम करा. ताईच्या डोळ्यात भरा. मंग पाहू."

डबा काढून घेतल्याचा प्रकार याच्यानंतरचा. मला वाटलं, आता अम्मा त्या लोकांचं तोंडही बघणार नाही. पण अम्माने वेगळंच काढलं. तिच्या मनात भाऊंचं वाक्य घट्ट बसलं होतं. मत नाही, तर डोकी द्यायची. रॅलीत किती माणसं आली ते मोजतात ना? मग आपण सात घरांनी मिळून पंधरा-वीस बायका उभ्या करायच्या. मोजणीत यायचं. एकदा मोजणीत आलो की पाइप येईल. तिने घरोघर जाऊन बायकांना पटवलं. आमच्या बायकांना ते पटलंही. ज्यांना कधीच कुणी मोजलं नाही, त्यांनाच अशी आशा लागते.

मग प्रचारभर अम्मा राबली. कार्यकर्त्यांसाठी पापड लाटले. पोळ्यांच्या चळती लावल्या. ताईंच्या रंगाचा दुपट्टा गळ्यात घालून रॅलीत सगळ्यात पुढे चालायची, गुडघे धरून चालायची. घोषणा मराठीत द्यायची, मी शिकवलेल्या. मीही जात होते. तिला एकटीला कशी सोडणार?

भाऊंना आमचं येणं आवडलं. आमच्या बायका वेळेवर येत होत्या, चहाही मागत नव्हत्या.

मग समोरच्या उमेदवाराच्या पोरांनी रॅलीचा व्हिडिओ काढला. अम्माचा चेहरा मोठा करून दाखवला आणि खाली लिहिलं, ताईंच्या रॅलीत पाकिस्तानी. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या प्रभागाच्या फोनवर होता. माझ्याकडेही आला. ज्या बाईची साडी माझ्याकडे पिकोला आली होती, तिनेच पाठवला.

दुसऱ्या दिवशी चौकात ताईंची सभा होती. मी म्हटलं, जाऊ नको. अम्मा म्हणाली, आज नाही गेलो तर चोर ठरू. गेली. नेहमीसारखी पुढच्या रांगेत बसली. ताई माइकवर आल्या आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाल्या:

"माझ्या रॅलीत कोन घुसलं, मले माहीत नाई. मी कोनाले बोलावलं नाई. माझ्या प्रभागातल्या मायबहिनींनो, तुमीच पाहा आजूबाजूले, आन असं कोनी बसलं असन तं त्याले बाहेर काढा."

टाळ्या पडल्या. दोन बायका उठल्या. महिना झाला त्या अम्माच्या हातच्या पोळ्या खात होत्या. एकीने दंड धरला. दुसरीने गळ्यातला दुपट्टा ओढला. तो अम्माच्या कानातल्या कुडीत अडकला होता. तिने ओढतच नेला. कानाची पाळी फाटली. फार नाही, थोडीच, पण रक्त आलं. ताई माइकवर बोलत राहिल्या. रस्त्यांबद्दल बोलत होत्या.

मी अम्माला घेऊन चौकातून चालत आले. कुणी शिवी दिली नाही. लोक बाजूला सरकून वाट देत होते. ते शिवीपेक्षा वाईट होतं. अम्मा रस्ताभर एकच विचारत होती, माझी पोळी कच्ची होती का?

मला त्या वेळी तिचा राग आला. खरं सांगते, फार राग आला. इतकं होऊनही ही बाई स्वतःच्या पोळीत खोट शोधते.

त्याच आठवड्यात ती पडली. खड्ड्यावर आम्ही फळी टाकली होती, दारातून रस्त्यावर यायला. फळी शेवाळून निसरडी झाली होती. अम्मा त्या घाणीत कमरेपर्यंत गेली. बाबा दुकानात, मी मशिनवर. मशिनच्या आवाजात मला तिची हाक ऐकू आली नाही. समोरच्या पोरीने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. तिला बाहेर काढून मी आधी अंघोळ घातली, मग दवाखान्यात नेलं. तशा वासाने रिक्षावाला घेईना.

अम्माला प्लास्टर लागलं. ती खाटेवर पडून, आणि खाटेखाली गडरचं पाणी. या परिस्थितीत मतदानाच्या आदल्या दिवशी भाऊ आमच्या घरी आले. सोबत शोभाकाकू. भाऊंनी नाकाला रुमाल लावला होता. विटांवर पाय ठेवत आत आले.

अम्मा उठून बसायची धडपड करायला लागली. पाहुण्यांसमोर पडून कसं राहायचं?

"झालं ते झालं," भाऊ म्हणाले. "राजकारनात बोला लागते. मनावर घेऊ नका. आता कामाचं बोलतो. यंदा घासून हाय. एकेक मत लागते." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुले मत पाहिजे ना? देतो."

मला कळेना. शोभाकाकू खाली बघत म्हणाली, "रेखाचं नाव यादीत हाय अजून. कोनी काढलंच नाई. पडूनच हाय."

भाऊंनी समजावून सांगितलं. रेखाकाकूचं कार्ड शोभाकाकूकडे आहे. फोटो जुना, पुसट. माझी तिची अंगकाठी सारखी. डोक्यावर पदर घ्यायचा, नाव विचारलं की रेखा सांगायचं. आपला माणूस आत बसलेला असेल, हरकत घेणार नाही. बटन दाबायचं, यायचं.

"परवा पाइपाचा ट्रक उभा करतो दारात," भाऊ म्हणाले. "जबान हाय माझी."

खरं सांगू? मला मोह झाला. मी कधी मतदान केंद्राच्या आत पाय ठेवलेला नाही. दर निवडणुकीला बायका बोटाला शाई लावून येतात, दारात उभ्या राहून एकमेकींना दाखवतात. मी मशिनवर बसून बघते. आणि हे तर पाइपासकट मिळत होतं. अम्माच्या खाटेखालचं पाणी जात होतं.

अम्माने हात जोडले. भाऊंना नाही, मला.

"दे दे ना बेटा. किसको पता चलेगा?"

मला रेखाकाकू आठवली. शेवटी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ती या घाणीने मेली. तिचं मत होतं, कार्ड होतं, ती इथलीच, सात पिढ्यांची. तरी पाइप तिच्या मरणानंतर आला. आणि आता तिच्याच नावाने मी जाऊन ज्यांनी तिला वाचवलं नाही त्यांनाच निवडून द्यायचं. त्यांना जिवंत बाईचं मत नको होतं. मी इथे समोर उभी होते, बोलत होते, श्वास घेत होते, आणि भाऊंना माझ्यापेक्षा मेलेली रेखाकाकू जास्त उपयोगाची वाटत होती.

आणि दुसरंही कळलं. मी एकदा ते बटन दाबलं की माझी मान यांच्या हातात. पकडलं तर फाइल कायमची बंद. नाही पकडलं तरी भाऊंना माहीत असणार. पुढच्या निवडणुकीला ते पुन्हा येणार, रुमाल न लावता येणार.

"भाऊ," मी म्हटलं, "मले मत पाहिजे. रेखाकाकूचं नाही. माह्यं पाहिजे."

"तुह्यं नाईच हाय ना वं!"

"मंग मी नाई टाकत."

"पाइप पाहिजे का नाई तुले?"

"पाहिजे. पाइप पाहिजे. पन रेखाकाकू होऊन नाई."

शोभाकाकू रडायला लागली. का ते मी विचारलं नाही. भाऊंचा चेहरा तेव्हा खरा दिसला. "मरा मंग घानीत," ते म्हणाले आणि विटांवरून उड्या मारत गेले. एक पाय पाण्यात पडलाच.

अम्मा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचं म्हणणं, मी तिला घाणीत ठेवलं. खाट अजून तिथेच आहे, पाणीही.

ताई निवडून आल्या. रेखाकाकूचं मत कुणी टाकलं का, माहीत नाही. टाकलं असेल.

महिन्याभराने समाजभवनात गल्लीची सभा लागली. ताईंच्या वतीने भाऊच ती चालवत होते. काही निधी उरला होता. त्यातून एकतर गडरलाइन शेवटपर्यंत न्यायची, नाहीतर गल्लीच्या तोंडाशी ताईंच्या नावाची स्वागत कमान बांधायची. लोकांनी हात वर करून ठरवायचं. मी गेले. आमच्या घरांतल्या चार बायका माझ्या मागे बसल्या.

मी उठून बोलले. म्हटलं, मी खासदार निवडायला मागत नाही, आमदार निवडायला मागत नाही. देश तुमचा तुम्ही चालवा. पण माझ्या दारातला खड्डा बुजवायचा की नाही, हे ठरवताना मला विचारा. मी वाचलंय, काही देशांत परक्या माणसालाही, तो जिथे राहतो त्या गावच्या निवडणुकीत मत देता येतं.

"मंग जा ना तिकडं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

गल्लीतले निवृत्त शिक्षक उठले. सभ्य माणूस. कधी वाकडं बोललेले नाहीत. "राग मानू नको, बेटा," ते म्हणाले. "मत हे नागरिकाचंच. आज तुले देल्लं, उद्या कोनाले नाई म्हनावं? रेघ कुठं तरी ओढा लागते. आधी कागद होऊ दे, मंग आमीच तुले घेऊन जाऊ."

"सर, शोभाकाकूचा पुतण्या पारशिवनीहून आला, दोन वर्षं झाली," मी म्हटलं. "त्याचं मत आहे. ताई बेसाला राहतात, त्यांचं मत इथे आहे. मी सत्तावीस वर्षं इथली घाण तुडवते. तुमची रेघ बरोबर असेल. पण ती माझ्या घरातून गेली आहे, आणि तिच्यातून तुमच्या संडासाचं पाणी वाहतं."

सर खाली बसले. पण कुणी मत बदललं असं नाही. भाऊंनी विचारलं, कमानीच्या बाजूने कोण? हात वर झाले, समाजभवन भरून गेलं. मग विचारलं, गडरलाइनच्या बाजूने कोण?

मी हात वर केला. मागच्या चार बायकांनीही केले.

"मतदार नसतील त्यायनं हात खाली घ्यावे," भाऊ म्हणाले.

मागचे चार हात खाली गेले. मी वळून बघितलं नाही, पण बांगड्या वाजल्या त्यावरून कळलं. माझा वरच होता.

"खाली घे वं. तुहा हात आमी मोजत नाई."

"नका मोजू," मी म्हटलं. "दिसते ना?"

भाऊंनी मोजलं, म्हणजे मोजायला काही नव्हतंच, आणि कमान मंजूर म्हणून सांगितलं. लोक उठले, चटया गुंडाळल्या, पंखे बंद केले. हात दुखायला लागला होता. समाजभवन रिकामं होईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.

कमान बांधून झाली. अम्मा अजून लंगडते. पुढची सभा कधी आहे ते मी विचारून ठेवलंय. आत घेतलं नाही तर दारात उभी राहीन. हे लोक मला मोजोत न मोजोत, माझ्याकडे बघितल्याशिवाय यांना इथे एकही ठराव करू देणार नाही.